कॅरमचा बोर्ड : घराघरांत घडलेल्या एका खेळाची हकीकत

सोळा सोमवारची कहाणी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. शिवपार्वती फिरत फिरत एका देवळात येतात, तेथे सारीपाट मांडतात आणि डाव कोणी जिंकला असे गुरवाला विचारतात. गुरव शंकराचे नाव सांगतो. पार्वतीला राग येतो आणि ती त्याला शाप देते. लहानपणी ही कहाणी ऐकताना माझे लक्ष त्या शापापेक्षा सारीपाटाकडेच अधिक असे. देवांच्या घरीसुद्धा बायको नवऱ्यासमोर पटावर बसते, डाव टाकते, आणि निकाल पटला नाही तर स्पष्ट रागावते, ह्याचे मला मोठे नवल वाटे. पुढे वेरूळला रामेश्वर लेण्यात हाच प्रसंग दगडात कोरलेला पाहिला. शिवपार्वती समोरासमोर बसून द्यूत खेळत आहेत असे ते शिल्प आहे. म्हणजे पटावरची बाईची जागा आपल्याकडे निदान हजार-बाराशे वर्षांची जुनी आहे.

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी 'काहीतरी ऐतिहासिक लिहा' असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला प्रथम आठवला तो हा पट. आणि त्यापाठोपाठ आठवला आमच्या चाळीतला कॅरमचा बोर्ड. राजे, लढाया आणि किल्ले ह्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. घरात घडणाऱ्या वस्तूंचा इतिहास मात्र फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून ह्या लाकडी बोर्डाची हकीकत सांगण्याचे मी योजिले आहे. ती सांगताना थोडी घरची गोष्टही येईल, ती मैत्रिणींनी गोड मानून घ्यावी.

आपले जुने बैठे खेळ पाहिले तर त्यांचे साहित्य बहुधा घरीच तयार होत असे. सारीपाटाचा पट कापडाचा. चार सोपांचे फुलीसारखे कापड बेतून त्यावर घरे शिवली की पट झाला. तो गुंडाळून फडताळात ठेवता येई आणि प्रवासातही नेता येई. सम्राट अकबराने फत्तेपूर सिक्रीच्या राजवाड्यात अंगणाच्या फरशीवरच पचिशीचा भला मोठा पट आखून घेतला होता, तो आजही तेथे पाहावयास मिळतो. परंतु सर्वसामान्य घरात मात्र सुईदोरा आणि चार रंगांच्या चिंध्या एवढ्यावरच काम भागत असे. सागरगोट्यांना तर तेवढेही लागत नाही. खेळ बाजारातून विकत आणावयाचा असतो ही कल्पनाच मुळी अलीकडची आहे.

कॅरम हा त्या मानाने नवा खेळ. बुद्धिबळ किंवा सारीपाट ह्यांच्यासारखी त्याला पुराणांची साक्ष नाही, आणि त्याच्या जनकाचे नावही इतिहासाने नोंदवून ठेवलेले नाही. तो भारतीय उपखंडात रूढ झाला आणि येथूनच जगभर पसरला, एवढे सर्व मान्य करतात. पतियाळाच्या एका राजवाड्यात काचेच्या पृष्ठभागाचा जुना कॅरमबोर्ड आहे असे सांगतात. म्हणजे राजेरजवाड्यांनाही त्याचा नाद होता असे दिसते.

खेळाच्या नावाची कथा तर आपणां मराठी माणसांना विशेष गंमतीची वाटेल. बिलियर्डच्या खेळातल्या तांबड्या चेंडूला फ्रेंच लोक 'कारांबोल' म्हणतात. त्याचेच इंग्रजीत आखूड होऊन 'कॅरम' झाले. आता 'कारांबोला' हे पोर्तुगीज भाषेत एका फळाचेही नाव आहे. हे फळ म्हणजे आपले पाच धारांचे आंबटगोड करंबळ, ज्याला कोणी करमळ, कोणी कमरख म्हणतात. कोकणात आणि गोव्यात परसदारी ते असतेच. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता ह्यांच्या ग्रंथात ह्या फळाची चर्चा आहे. पोर्तुगिजांनी हे नाव आपल्या मराठी 'करंबळ' शब्दावरून उचलले असे शब्दकोश सांगतात. आणि बिलियर्डच्या तांबड्या चेंडूला ह्या फळावरूनच नाव मिळाले असावे असे काही कोशकारांचे मत आहे. हे मत खरे धरले, तर आपल्या परसातला एक शब्द समुद्रापार जाऊन, फ्रेंच-इंग्रजी वेष घेऊन, पुन्हा आपल्याच माजघरात येऊन बसला असे म्हणावे लागेल!

बोटाच्या टिचकीने लाकडी चकती ढकलण्याचा खेळ इतर देशांतही होता. त्यातल्या एकाची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. कॅनडा देशात 'क्रोकिनोल' नावाचा खेळ आहे. त्याचा बोर्ड गोल असतो, मधोमध एक खळगा असतो आणि त्याभोवती आठ खुंट्या असतात. खुंट्यांना चुकवून आपली चकती खळग्यात घातली की वीस गुण मिळतात. ह्या खेळाचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना बोर्ड १८७६ सालचा आहे. ऑन्टारिओ प्रांतातल्या सेबास्टपोल ह्या गावी राहणाऱ्या एकार्ट वेटलॉफर नावाच्या गृहस्थाने तो आपल्या मुलाच्या, अ‍ॅडमच्या, पाचव्या वाढदिवसासाठी स्वतःच्या हाताने केला. किचनर शहरातल्या श्नायडर हाउस ह्या वस्तुसंग्रहालयात तो जपून ठेवला आहे. जवळच्याच टॅव्हिस्टॉक गावी १९९९ पासून क्रोकिनोलच्या जागतिक स्पर्धा भरू लागल्या, त्याही ह्या बोर्डाच्या स्मरणानेच. बापाने मुलाला दिलेल्या वाढदिवसाच्या भेटीचा केवढा हा सन्मान!

दुसरी हकीकत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली. तेथे लडिंग्टन गावी हेन्री हॅस्केल नावाचे गृहस्थ राहत. ते रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवीत. गावातली पोरे बिलियर्डच्या अड्ड्यांवर जाऊन बिघडतात हे त्यांना पाहवेना. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी चार कोपऱ्यांना जाळीचे कप्पे असलेला एक चौकोनी लाकडी बोर्ड तयार केला, आणि त्यालाही पुढे 'कॅरम' हेच नाव मिळाले. त्यात सोंगट्यांऐवजी लाकडी कड्या असतात. आपला कॅरम थोरला की अमेरिकेचा, ह्या वादात मी पडत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की दोन्ही ठिकाणी घरातल्या किंवा गावातल्या मुलांच्या काळजीपोटी कोणीतरी करवत आणि रंधा हाती घेतला.

आपल्याकडे पहिल्या महायुद्धानंतर कॅरमचा प्रसार झपाट्याने झाला. १९५८ पर्यंत भारत आणि सिलोन ह्या दोन्ही देशांत कॅरमचे महासंघ स्थापन झाले होते. १९८८ साली मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथे आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ निघाला आणि खेळाचे नियम, बोर्डाची मापे सर्व देशांत एक झाली. परंतु कॅरम खरा वाढला तो गल्लीत, चाळीच्या गॅलरीत, गणेशोत्सवाच्या मांडवात आणि गिरणी कामगारांच्या खोल्यांत. त्याचे कारण उघड आहे. क्रिकेटला मैदान लागते, टेनिसला पैसा लागतो. कॅरमला चार माणसे बसतील एवढी जागा आणि वर टांगलेला एक दिवा पुरतो. पाऊस असो, संप असो, संचारबंदी असो, खेळ चालू राहतो.

आता घरची गोष्ट सांगते.

१९६१ साली आम्ही गिरगावातल्या एका चाळीत राहत होतो. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. चाळीतल्या मुलांनी वर्गणी काढून एक कॅरमबोर्ड आणला. रोज संध्याकाळी गॅलरीत पिंपावर तो मांडला जाई आणि वर पत्र्याच्या टोपीचा दिवा लागे. आम्हां मुलींना भोवती उभे राहून पाहण्याची मुभा होती. पावडर टाकायची, खाली पडलेली सोंगटी शोधून आणायची, कोणाला पाणी हवे असल्यास द्यायचे, ही कामे आमची. एकदा मी धीर करून 'मला एक डाव द्या' म्हटले. तेव्हा 'मुलींच्या नखांनी बोर्डावर ओरखडे पडतात, तुम्ही सागरगोटे खेळा,' असे उत्तर मिळाले. सगळे हसले. मी रडत घरी आले.

आई तांदूळ निवडीत होती. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "रडतेस कशाला? बोर्ड म्हणजे काय गं, एक फळी आणि चार कडा. आपण करू."

आईचे माहेर कोकणातले. तेथे दाराच्या बिजागरीपासून पाळण्याच्या कडीपर्यंत सगळी डागडुजी घरच्याच माणसांनी करण्याची रीत होती. त्यामुळे हातोडी-करवतीचे तिला भय नव्हते. वाण्याकडून तिने चहाची एक रिकामी पेटी मागून आणली. त्या काळी चहा प्लायवूडच्या पेट्यांतून येत असे. किंबहुना आपल्या देशात प्लायवूडचा धंदा वाढला तो मुख्यतः ह्या चहाच्या पेट्यांसाठीच. पेटी उकलून आईने आतला चांदीसारखा कागद सोलून काढला आणि चांगल्या बाजूची अठरा इंच चौरस फळी कापली. कडांसाठी मोडक्या पलंगाच्या सागवानी पट्ट्या होत्याच. तळमजल्यावर एक सुतारकाका राहत, त्यांच्याकडून करवत, पटाशी, गिरमिट आणि गुण्या ही हत्यारे दुपारपुरती उसनी आणली. काकांनी एकच सल्ला दिला, "वहिनी, चौकट गुण्यात बसली पाहिजे. बाकी सगळे मागाहून सावरता येते."

आणि नेमकी तेथेच पहिली चूक झाली. कडा ठोकून झाल्या, स्ट्रायकर मारून पाहिला, तर तो कडेवर आपटून भलतीकडेच परते. आईने सुतळी घेऊन बोर्डाचे दोन्ही कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब भरला. चौकोन तिरपा झाला होता. सगळे खिळे उपसून काम पुन्हा करावे लागले.

दुसरी चूक पॉलिशची. घरात अळशीचे तेल होते, ते तिने लाकडावर चोळले. फळी दिसायला सुरेख झाली, पण आठ दिवस झाले तरी चिकटपणा जाईना. सोंगटी जागची हलेना! मग सारे काचकागदाने घासून काढले आणि स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून त्याचे पातळ हात दिले. तिसरी चूक कळायला तर पावसाळा यावा लागला. पेटीची फळी पातळ. दमट हवेने ती मध्ये बसली आणि खेळता खेळता सगळ्या सोंगट्या आपोआप मधोमध गोळा होऊ लागल्या. तेव्हा आईने बोर्ड उलटा करून पाठीमागे आडव्या-उभ्या पट्ट्या ठोकल्या. कोपऱ्यांची भोके कुंकवाच्या करंड्याचे झाकण ठेवून आखलेली होती. गिरमिटाने त्या गोलावर जवळ जवळ छिद्रे पाडून पटाशीने मधला तुकडा काढला होता. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी क्रोशाने विणून चार जाळ्या दिल्या. त्या इतक्या नाजूक होत्या की त्यांत सोंगटी पडली तर ताटावरच्या रुमालात पडल्यासारखी वाटे. सोंगट्या आणि स्ट्रायकर मात्र विकत आणले. ते कातकाम घरी होण्यासारखे नव्हते.

बोर्ड झाला त्या दिवशीचा एक प्रसंग मला अजून आठवतो. मी सोंगट्या मांडू लागले, पण त्या काही नीट बसेनात. आई म्हणाली, "अगं, ही तर पाच ते तीन ठिपक्यांची रांगोळी!" आणि तिने भराभर सोंगट्या लावल्या. मैत्रिणींनो, आपण मोजून पाहा. मध्ये राणी, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, मिळून एकोणीस. आता ठिपके घाला: तीन, चार, पाच, चार, तीन. बेरीज एकोणीसच! गोल चकत्या एकमेकींना चिकटून बसविल्या की एकीभोवती बरोबर सहाच मावतात, हा भूमितीचा नियम आहे. तो नियम आपल्या आया-आज्या अंगणात रोज सकाळी बिनचूक पाळीत होत्या, फक्त त्याला भूमिती म्हणत नव्हत्या.

मग दुपारी दोन ते चार, पुरुष कामावर आणि मुलगे शाळेत असताना, आमच्या खोलीत कॅरम चाले. चाळीतल्या सात-आठ जणी आळीपाळीने येत. कोणी मूल मांडीवर घेऊन खेळे, कोणी स्ट्रायकर मारताना डोळे मिटी. आई अंगठ्याने मारीत असे. सोड्याच्या पाण्याने आणि भांड्यांच्या राखेने तिच्या बोटांना भेगा पडलेल्या असत. टिचकी मारली की रक्त येई. "अंगठा अजून शाबूत आहे," असे ती हसून म्हणे, आणि त्या अंगठ्याने समोरच्या कोपऱ्यातली सोंगटी अचूक घेई. मी तिच्याकडूनच शिकले. दोन वर्षांनी गॅलरीतल्या मोठ्या बोर्डावर मुलांनी मला डाव दिला, तो कोणी दया केली म्हणून नव्हे. त्यांना चौथा भिडू हवा होता, आणि मी बरी खेळते हे तोवर सर्वांना कळले होते.

एक गोष्ट मात्र राहून गेली. घरी येणारा जाणारा भिंतीला लावलेला बोर्ड पाही आणि अण्णांना म्हणे, "वा, बोर्ड झकास केलात!" अण्णा स्वभावाने भिडस्त. ते नुसते हसत. आई चहा टाकायला उठे. मला आतून फार वाटे की सांगावे, पण मोठ्या माणसांच्या बोलण्यात लहानांनी तोंड घालू नये अशी तेव्हाची शिस्त. पुढे मी मोठी झाले, आणि सांगायचे राहूनच गेले. कहाणीतल्या पार्वतीने निदान शाप तरी दिला. आमच्या आईने चहा दिला.

असो. ज्या भगिनींना घरी किंवा मंडळात असा बोर्ड करावासा वाटेल, त्यांच्यासाठी आजच्या प्रमाणित बोर्डाची मापे देते. खेळण्याचा भाग ७४ सेंटिमीटर लांब-रुंद असावा. फळी निदान ८ मिलिमीटर जाड प्लायवूडची घ्यावी, म्हणजे आमच्यासारखी फजिती होणार नाही. खालून पट्ट्यांचा आधारही द्यावा. कडा शिसवी, सागवान अशा कठीण लाकडाच्या, सुमारे ७ सेंटिमीटर रुंद आणि बोर्डाच्या वर २ ते अडीच सेंटिमीटर उंच असाव्यात. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून जोडावेत. चौकट पक्की करण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावेत. ७४ सेंटिमीटरच्या चौरसाचा कर्ण १०४.६ सेंटिमीटरच्या जवळपास भरतो. दोन्ही सारखे भरले की चौकट गुण्यात आली असे समजावे. कोपऱ्यांची भोके ४.४५ सेंटिमीटर व्यासाची असतात.

रेघा आखताना कडेपासून १०.१५ सेंटिमीटरवर ४७ सेंटिमीटर लांबीच्या दोन समांतर रेघा प्रत्येक बाजूला काढाव्यात. दोन रेघांमधले अंतर ३.१८ सेंटिमीटर असते. मधले छोटे वर्तुळ ३.१८ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे जवळजवळ एका सोंगटीएवढे. आणि मोठे वर्तुळ १७ सेंटिमीटरचे. पाच सोंगट्या एका ओळीत ठेवल्या की सोळा सेंटिमीटरच्या आतच राहतात, म्हणून आपली 'पाच ते तीन'ची रांगोळी ह्या वर्तुळात आरामात बसते. लाकडावर थेट शाई लावल्यास ती रेषारेषांतून पसरते. त्यासाठी आधी पॉलिशचा एक हात द्यावा, तो वाळला की रेघा आखाव्यात आणि मग वरून शेवटचे हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर बारीक काचकागद हलकेच फिरवावा. बोर्ड बरा झाला की नाही हे ओळखण्याची खूण अशी: १५ ग्रॅमचा स्ट्रायकर जोराने मारला असता तो निदान साडेतीन वेळा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जावा. बोर्ड समपातळीत आहे की नाही हे पाहण्यासाठी मुलांची एक काचेची गोटी मधोमध ठेवली तरी पुरे. ती जिकडे घरंगळेल तिकडची बाजू उचलावी.

दोन सूचना. बोरिक पावडर लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये, आणि खेळ झाल्यावर हात धुवावेत. दुसरे, बोर्ड भिंतीला तिरका टेकवून महिनोन् महिने ठेवू नये, त्याने तो वाकतो; आडवा तरी ठेवावा किंवा खिळ्याला सरळ टांगावा.

मापांची ही यादी रुक्ष वाटेल, पण तिच्यात एक मोठी गोष्ट आहे. स्त्रियांसाठी बोर्ड लहान किंवा सोंगटी हलकी, असा भेद ह्या खेळाच्या नियमांत नाही. सगळ्यांना तोच बोर्ड, तोच स्ट्रायकर. ताकदीचा प्रश्न येत नाही. नजर, हात आणि धीर एवढेच लागते. पुरुषांत चेन्नईचे मारिया इरुदयम ह्यांनी १९९१ आणि १९९५ साली जगज्जेतेपद मिळविले. आपल्या मुंबईचे प्रशांत मोरे आणि पुण्याचे योगेश परदेशी हेही जगज्जेते झाले, ह्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यांच्या जोडीने बिहारच्या रश्मी कुमारी आणि चेन्नईच्या कष्टकरी वस्तीत वाढलेल्या इलवळगी ह्यांनीही महिलांचे जगज्जेतेपद पटकावले. आणि २०२४ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे झालेल्या विश्वचषक स्पर्धेत चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची सतरा वर्षांची मुलगी, खाझिमा, हिने एकदम तीन सुवर्णपदके मिळविली. ह्या मुलींना कोणी ना कोणी बोर्डापाशी बसू दिले, म्हणूनच हे घडले. नखांचे ओरखडे पडतील म्हणून त्यांना कोणी दूर ठेवले असते, तर ही पदके आली असती का?

म्हणून ह्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने माझी एक सूचना आहे. आपल्या मंडळात शिवणयंत्र आहे, भजनाची पेटी आहे, पाककृतींच्या वह्या आहेत. कॅरमबोर्ड मात्र नाही. तो आपण विकत न आणता येथेच करावा. फळी आणि कडा आणण्याचे मी पत्करते. ज्यांचे क्रोशाचे काम चांगले आहे त्यांनी चार जाळ्या विणाव्यात. शाळेतल्या मुलींना मापे आखावयास बसवावे. भूमितीचा धडा त्यांना पुन्हा विसरावयाचा नाही. चुका होतील, आमच्याही झाल्या होत्या. बोर्ड पुरा झाला की त्याच्या पाठीमागे पट्टीवर, काम करणाऱ्या प्रत्येकीचे नाव आणि साल लिहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

वेटलॉफरांच्या बोर्डाबरोबर त्यांचे नाव टिकले, म्हणून दीडशे वर्षांनी आपण त्यांच्याविषयी बोलू शकतो. आमचा चहाच्या पेटीचा बोर्ड चाळ सोडताना माळ्यावरून काढला, तेव्हा तो वाळवीने खाल्लेला होता. एक जाळी तेवढी शिल्लक राहिली. ती मी ठेवली आहे, आणि मंडळाच्या बोर्डासाठी नमुना म्हणून घेऊन येईन. बोर्डाच्या पाठीवर काही लिहिलेले नव्हते. म्हणून येथे लिहून ठेवते की तो बोर्ड अण्णांनी केलेला नव्हता, तो माझ्या आईने केला होता.